काळा रंग वर येताना

रंगीत माशांच्या दुकानात नातवंडांचा हात धरून आपण कधी उभे राहिला असाल, तर बोटाएवढ्या, पांढऱ्या-केशरी माशांची एक चपळ झुंड आपण पाहिली असेलच. तोंडाशी बारीक मिशांच्या दोन जोड्या असतील तर तो गोल्डफिश नव्हे, कोई. दुकानदार त्याला ‘कोई कार्प’ म्हणतो आणि रंग पाहून भाव सांगतो. मूल भाव विचारीत नाही, ते काचेवर बोट टेकवून म्हणते, “मला तो हवा, कपाळावर टिळा असलेला.” आता तो टिळा पुढल्या वर्षी तेथेच राहील, की पसरेल, की पुसून जाईल, हे दुकानदारालाही सांगता येत नाही. कोईच्या अंगावरचा रंग वर्षानुवर्षे घडत राहतो. लाल फिका पडतो किंवा गडद होतो, पांढऱ्याच्या तळाशी दडलेला काळा वर येतो, आणि कधी कधी वर आलेला काळा पुन्हा बुडतो.

विकत घेताना पाहिलेला मासा आणि पाच वर्षांनी पाण्यात फिरणारा मासा एकच, हे ओळखायला त्याला रोज पाहणारा माणूस लागतो. आमच्या घरी तो माणूस म्हणजे माझे यजमान. वय ७९, रसायनशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक आणि २०१६ पासून कंपवाताचे रुग्ण. मला सांगायचे आहे ते माशांच्या रंगाविषयी; परंतु मासे आणि यजमान यांना एकमेकांपासून वेगळे काढून सांगणे मला जमेल असे वाटत नाही. आपल्यापैकी जे कोणाची ना कोणाची शुश्रूषा करीत आहेत, ते याबद्दल मला समजून घेतील.

प्रथम या माशाच्या माहेराविषयी. जपानच्या निईगाता प्रांतात यामाकोशी आणि ओजिया या परिसरात डोंगरउतारावर भाताची पायऱ्यापायऱ्यांची शेते आहेत आणि त्यांना पाणी देणारी छोटी छोटी तळी. हिवाळ्यात येथे माणसाच्या उंचीहून अधिक बर्फ साचते, बाहेरचा व्यवहार थांबतो. त्या दिवसांत पोटाला आधार म्हणून शेतकरी या तळ्यांतून कार्प मासे पाळीत. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्या करड्या माशांत मधूनच एखादा लाल वा पांढरा डाग असलेला मासा निपजू लागला. कोणा शेतकऱ्याच्या मनात आले आणि तो मासा ताटात न जाता तळ्यातच राहिला. पुढे तसाच दुसरा शोधून त्याची जोडी लावणे आले. या माशांना जपानीत ‘निशिकिगोई’ म्हणतात. निशिकी म्हणजे किनखाब, रंगीत भरजरी वस्त्र. डोंगरातल्या शेतकऱ्यांनी बर्फाच्या रिकाम्या महिन्यांत विणलेले हे वस्त्र बाहेरच्या जगाने पाहिले ते १९१४ साली, तोकियोच्या प्रदर्शनात.

आपल्याकडच्या शेततळ्यांत रोहू, कटला, मृगळ यांच्याबरोबर सोडतात तो ‘सायप्रिनस’ आपल्याला ठाऊक असेल. कोई हे त्याचेच जवळचे भाऊबंद. सायप्रिनस कामाच्या कपड्यांत आणि कोई लग्नाच्या, एवढाच काय तो फरक, असे यजमान म्हणतात.

आमचे घर वाईला. मागच्या अंगणात सासऱ्यांच्या काळातला दगडी हौद आहे. पुरुषभर खोल नाही, परंतु साडेचार फूट पाणी राहते. नळ आल्यापासून तो कोरडाच होता. २०२१ च्या जूनमध्ये आमच्या भाच्याने त्याला आतून डागडुजी केली, पाणी गाळून फिरवणारा पंप बसवला आणि बोटुकलीच्या आकाराचे दहा कोई आणून सोडले. त्याचा हेतू उघड होता. मामांनी खोलीबाहेर यावे. टाळेबंदीच्या वर्षात यजमानांचे चालणे इतके कमी झाले होते की उंबऱ्याशी आले की पाय जमिनीला चिकटल्यासारखे थबकत. मी मासे ठेवण्याच्या विरोधात होते, कारण ओला दगड आणि कंपवात यांचे जमत नाही. भाच्याने हौदाभोवती कमरेएवढा कठडा घातला, तेव्हा मी मान्यता दिली.

यजमानांनी माशांना नावे ठेवली नाहीत, क्रमांक दिले. प्रयोगशाळेची सवय. कोई वरून पाहायचा मासा आहे. त्याची पाठ हाच त्याचा चेहरा. म्हणून त्यांनी वहीत वरून दिसणाऱ्या माशाची एक बाह्याकृती काढली, तिच्या झेरॉक्स प्रती काढवून घेतल्या आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रत्येक माशाचे डाग त्या आकृतीत रंगीत पेन्सिलींनी भरायला सुरुवात केली. खाली तारीख आणि पाण्याचे तापमान. या वहीमुळेच पुढचे सारे मला सांगता येत आहे.

रंग येतो कसा? माशाच्या त्वचेत बहुतेक रंग खवल्यांच्या खाली-वर असणाऱ्या विशिष्ट रंगपेशींत साठवलेला असतो. या पेशी एखाद्या चांदणीसारख्या, फांद्या फुटलेल्या. रंगद्रव्याचे कण फांद्यांत पसरले की डाग गडद दिसतो, मध्याशी गोळा झाले की फिका. ही पसरण्या-आवरण्याची क्रिया काही तासांतही घडते. म्हणून पांढऱ्या बादलीत ठेवलेला मासा उतरलेला दिसतो आणि काळ्या तळाच्या हौदात सोडला की पुन्हा गडद होतो. परंतु महिन्या-वर्षांनी होणारा बदल निराळा. तो पेशींची संख्या वाढल्याने किंवा घटल्याने आणि त्या त्वचेच्या वरच्या-खालच्या थरांत असल्याने होतो.

लाल आणि पिवळा रंग माशाला स्वतः निर्माण करता येत नाही. तो कॅरोटिनॉइड या गटातला, म्हणजे गाजराच्या आणि पपईच्या रंगाचा सोयरा. तो अन्नातूनच यावा लागतो. निईगाताचे मत्स्यपालक पिल्लांना उन्हाळ्यात चिखलाच्या तळ्यांत सोडतात. तेथील हिरव्या पाण्यातले शेवाळ आणि शेवाळ खाणारे सूक्ष्म जीव पोटात गेले की लाल भरतो. ऑक्टोबरात तळी उपसून मासे घरातल्या उबदार टाक्यांत आणले जातात, आणि चार महिन्यांनी आपला मासा कसा दिसतो हे मालकालाही तेव्हाच कळते. आपल्याकडे बाजारात स्पिरुलिना घातलेले खाद्य मिळते, त्याने काम होते. मात्र उत्साहाच्या भरात रंगाचे खाद्य फार घातले तर माशाचा पांढराही गुलाबी-पिवळट होऊ लागतो. पांढरा स्वच्छ असेल तरच लाल उठून दिसतो, त्यामुळे जाणकार आधी पांढरा पाहतात.

बोटुकलीच्या वयात जो लाल फार भडक असतो तो पुढे टिकेलच असे नाही. अनुभवी पालक लहान माशात पिकल्या पर्सिमनसारखा, थोडा केशरी लाल पसंत करतात; तो सावकाश जाड होतो. माद्यांचा रंग नरांपेक्षा उशिरा पक्का होतो. मासा वाढतो तशी त्वचा ताणते आणि डाग त्याबरोबर वाढला नाही तर त्याला भगदाडे पडतात, कडा विरतात. आमच्या तीन क्रमांकाच्या माशाचे तेच झाले. आणला तेव्हा पाठीवर लाल गालिचा पसरावा तसा डाग होता. जपानीत पांढऱ्यावर फक्त लाल असलेल्या माशाला ‘कोहाकु’ म्हणतात. तो आमचा कोहाकु. दुसऱ्या वर्षी गालिच्याचे तीन तुकडे झाले, तिसऱ्या वर्षी तुकड्यांचे ठिपके, आणि २०२४ च्या पावसाळ्यात शेपटीजवळचा शेवटचा ठिपकाही गेला. आता तो निव्वळ पांढरा आहे.

काळ्याची गोष्ट याहून मनोवेधक आहे. काळे रंगद्रव्य मेलॅनिन, आपल्या केसांत आणि कातडीत असते तेच, आणि ते मासा स्वतः तयार करतो. ज्या कोईच्या अंगावर लाल-पांढऱ्याबरोबर काळाही असतो, अशा दोन जाती नावाजलेल्या: ‘सांके’, जी तैशो सम्राटाच्या काळात पुढे आली, आणि ‘शोवा’, जी १९२७ च्या सुमारास, शोवा काळाच्या आरंभी. शोवाची पिल्ले अंड्यातून बाहेर पडल्यावर काही दिवसांतच काही काळसर आणि काही फिकी अशी वेगळी दिसतात. काळसर तेवढी ठेवायची. पुढे मात्र गंमत होते. वाढत्या वयात हा काळा आत बुडतो. एक-दोन वर्षांच्या शोवाच्या पांढऱ्या कातडीखाली फक्त राखी-निळी सावली दिसते, जणू कोणी निळीचे बोट पुसले आहे. दोन, तीन, कधी पाच वर्षांनी ती सावली खवल्या-खवल्याने वर येते आणि वर आली की शाईसारखी काळी होते.

काळा रंग निळा का दिसतो, असे मी विचारले तेव्हा यजमानांनी मला माझ्या आजीचे गोंदण आठवायला सांगितले. आपल्यापैकी अनेकींच्या आया-आज्यांच्या कपाळावर, हनुवटीवर ते असेल. गोंदताना काजळी वापरलेली असते, म्हणजे रंग काळाच; परंतु तो कातडीच्या आतल्या थरात असल्याने वरच्या थरातून विखुरलेला प्रकाश त्याला हिरवट-निळी झाक देतो. माशाचेही तसेच. निळी सावली म्हणजे खोल असलेला काळा. सहा क्रमांकाच्या माशाच्या नाकाडावर आणि डाव्या खांद्यावर अशी सावली होती आणि तिची नोंद वहीत नेहमी निळ्या पेन्सिलीने होत असे.

नोंद मी सांगायचे, ते भरायचे. कारण त्यांना ती सावली दिसतच नव्हती.

येथे थोडे डोळ्यांविषयी. वय वाढते तसे डोळ्यातले भिंग पिवळट होत जाते आणि निळा प्रकाश अडवू लागते. गडद निळा आणि काळा, पांढरा आणि फिका पिवळा यांतला भेद पुसट होतो. हे इतके हळू घडते की ज्याचे त्याला उमगत नाही. जग पिवळे झाले असे कोणालाच वाटत नाही. फ्रेंच चित्रकार क्लोद मोने आपल्या जिव्हेर्नीच्या बागेतले कमळांचे तळे वर्षानुवर्षे रंगवीत असे. मोतीबिंदू वाढला तशी त्याची चित्रे तांबूस-तपकिरी होत गेली. १९२३ साली शस्त्रक्रिया झाल्यावर जग फार निळे दिसते म्हणून त्याने कुरकुर केली. माझ्या दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया पूर्वीच झालेली होती. यजमान मात्र हात-मान हलत असताना डोळ्याला हत्यार लावायचे कसे, या भीतीने टाळत होते. आम्ही दोघे कठड्याशी बसून एकाच माशाकडे पाहायचो. मी म्हणायचे निळा, ते म्हणायचे, “अगं, स्वच्छ पांढरा आहे.” भाच्याने फोनवर काढलेला फोटोही त्यांना पांढराच दिसला, डोळा तोच, मग फोटो तरी काय करणार? शेवटी नेत्रतज्ज्ञ बाईंनी त्यांना समजावले की कंप सांभाळून ही शस्त्रक्रिया करता येते. औषधांच्या वेळा आणि भुलीचा प्रकार मेंदूविकारतज्ज्ञांशी बोलून ठरवता येतो. २०२३ च्या जानेवारीत एक आणि मार्चमध्ये दुसरा, असे दोन्ही डोळे झाले.

पट्टी निघाल्यावर चौथ्या दिवशी ते हौदाशी गेले आणि बराच वेळ सहा क्रमांकाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “आईच्या हनुवटीवर असं होतं.” दुसरे काही बोलले नाहीत. मला त्याहून मोलाचे वाटले ते निराळेच: पायरीची कड त्यांना स्पष्ट दिसू लागली. कंपवातात डोळ्यांची छटा ओळखण्याची शक्ती आधीच उणावते. त्यात मोतीबिंदू असेल तर करड्या फरशीवरची करडी पायरी दिसतच नाही. घरात असा रुग्ण असेल तर त्याचे डोळे तपासून घेण्याचे लांबणीवर टाकू नका, असे मी आपल्याला आग्रहाने सांगेन.

आता मेलॅनिनकडे परत येते, कारण या साऱ्या प्रकरणात यजमानांना मनापासून हसवणारी गोष्ट तीच होती. मेलॅनिन तयार होते ते टायरोसिन या अमिनो आम्लापासून. त्याचे रूपांतर होताना वाटेत एक रेणू तयार होतो, त्याचे नाव डोपा. आणि कंपवाताच्या रुग्णांना जी गोळी आयुष्यभर घ्यावी लागते तिच्यातले औषध लेव्होडोपा; तोच रेणू. माशाच्या त्वचेत त्या डोपापासून काळा रंग होतो, माणसाच्या मेंदूत त्यापासून डोपामिन. मेंदूच्या तळाकडच्या भागात डोपामिन तयार करणाऱ्या पेशींची एक पट्टी असते. तिला वैद्यकात ‘सब्स्टॅन्शिया नायग्रा’ म्हणतात, म्हणजे शब्दशः काळा पदार्थ, कारण त्या पेशींत मेलॅनिनचेच भावंड असलेले गडद रंगद्रव्य साठलेले असते. कंपवातात या पेशी मरतात आणि ती काळी पट्टी फिकी पडत जाते.

हे त्यांना पूर्वीपासून ठाऊक असणार. शिकवलेच होते त्यांनी विद्यार्थ्यांना. पण एके सकाळी गोळी हातात धरून ते म्हणाले, “सहा नंबरला बघ. माझा काळा उतरतोय आणि त्याचा चढतोय. गोळी मी गिळतो आणि रंग त्याला येतो.” आणि खूप दिवसांनी मोठ्याने हसले. कंपवातात चेहऱ्याचे स्नायू ताठ होऊन हसू मुखवट्यामागे अडकते, हे ज्यांनी घरात पाहिले आहे त्यांना त्या हसण्याची किंमत मी सांगायला नको.

गोळीचा विषय निघालाच आहे तर आमच्या सकाळचा क्रम सांगते, कोणाला उपयोग झाला तर होवो. प्रथिनांतली अमिनो आम्ले आणि लेव्होडोपा आतड्यातून आत जाण्यासाठी एकाच दारात गर्दी करतात. म्हणून दूध, अंडे, डाळ यांच्याबरोबर गोळी घेतली तर तिचा प्रभाव कमी पडू शकतो. आमच्या डॉक्टरांनी न्याहारीपूर्वी निदान अर्धा तास गोळी घ्यायला सांगितले आहे. आपल्या रुग्णाचे आपल्या डॉक्टरांना विचारा. साडेसहाला बिछान्यातच गोळी. सातच्या सुमारास अंग मोकळे होऊ लागते, मग हौदापर्यंत चालणे. न्याहारी साडेसातनंतर. मधला अर्धा तास पूर्वी घड्याळाकडे पाहण्यात आणि माझ्यावर चिडण्यात जायचा. आता तो माशांचा. खाजकुइलीच्या बियांत, म्हणजे कवचबीजात, लेव्होडोपा निसर्गतःच असते हे खरे आहे. परंतु कोणी सांगितले म्हणून चालू गोळ्यांसोबत तिचे चूर्ण घरच्या घरी सुरू करू नये. मात्रा दुप्पट झाल्यासारखे होते.

हौदापर्यंतच्या वाटेवर फिजिओथेरपिस्ट मुलीच्या सांगण्यावरून एकेका पावलाच्या अंतरावर पांढऱ्या तैलरंगाचे आडवे पट्टे ओढले आहेत. पाय थबकला की नुसते ‘चाला’ म्हणून उपयोग होत नाही. डोळ्यांना ओलांडायला रेघ दिसली की पाय उचलतो. कठड्याजवळ हात असलेली जड खुर्ची. खाद्य चिमटीने एकेक दाणा टाकायचा, म्हणजे बोटांनाही काम. कोईला जठर नसते, त्यामुळे थोडे-थोडेच घालावे. पाच मिनिटांत संपेल इतके. नऊ क्रमांकाचा मासा ‘चागोई’ जातीचा, शेंगदाण्याच्या टरफलाच्या रंगाचा. पाहुणे त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. पण तो सर्वांत निर्भय. थरथरत्या हातातून दाणे उचलायला तोच प्रथम आला आणि त्याच्यामागे बाकीचे शिकले. कंपाने दाणे सांडतात ते त्याच्या सोयीचेच आहे.

एक सावधगिरी. हातावर जखम किंवा चीर असताना माशांच्या पाण्यात हात घालू नये. त्या पाण्यात क्षयाच्या जंतूच्या कुळातला एक जंतू असू शकतो आणि त्याने होणारी कातडीवरची गाठ बरी व्हायला महिने लागतात. मधुमेही व्यक्तींनी तर अधिकच जपावे. हौद धुण्याचे काम हातमोजे घालून भाचा करतो. खाऊ घातल्यावर आम्ही साबणाने हात धुतो.

मासे पाहण्याने मन निवते असे आपण सारेच म्हणतो. इंग्लंडमधल्या प्लिमथ येथील मत्स्यालयात झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मासे पाहणाऱ्यांच्या हृदयाची गती आणि रक्तदाब काहीसा उतरलेला आढळला. त्याहून मला महत्त्वाचा वाटतो तो अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या नॅन्सी एडवर्ड्स आणि अ‍ॅलन बेक यांचा २००२ सालचा अभ्यास. अल्झायमर झालेल्या ६२ वृद्धांच्या भोजनगृहात त्यांनी माशांची पेटी ठेवली, तेव्हा ते वृद्ध अधिक जेवू लागले आणि त्यांचे वजनही वाढले. जेवताना उठून भटकणाऱ्या रुग्णापुढे ताट धरून बसलेल्या सुनेला याचा अर्थ कळेल. तरी माशांनी कंपवात बरा होतो असे मी म्हणणार नाही. यजमानांचा झालेला नाही. २०२२ मध्ये ते काठी घेऊन हौदापर्यंत जात. आता वॉकर लागतो आणि वाईट दिवशी चाकांची खुर्ची.

मासेही दहाचे सहा राहिले आहेत. दोन पहिल्याच पावसाळ्यात गेले, एक खंड्याने नेला, एकाचे कारण कळले नाही.

निईगाताच्या पालकांची एक पद्धत मी वाचून दाखवली तेव्हाची गोष्ट सांगावीशी वाटते. मोठी मादी एका वेळी काही लाख अंडी घालते. पिल्ले दीड-दोन महिन्यांची झाली की जाळ्याने गोळा करून पांढऱ्या भांड्यात ओततात आणि निवड सुरू होते. पाठ वाकडी, तोंड वेडे, डाग नसलेली, सगळी लाल किंवा सगळी पांढरी, ती बाजूला. मग दुसरी निवड, तिसरी. लाखांतून शेवटी मोजकी राहतात. त्यांतही ‘तातेगोई’ म्हणजे ज्याचा रंग आज नाही पण पुढे येईल असा वाटणारा मासा. तो ओळखणे हीच खरी विद्या. आज सुंदर दिसणारा मासा विकून टाकतात आणि निळ्या सावलीचा कुरूप मासा घरी ठेवतात. मी वाचत होते आणि यजमान ऐकत होते. “पाठ वाकडी,” ते म्हणाले, “म्हणजे आपण पहिल्याच निवडीत.” मला हसू आले नाही. पुस्तक मिटून मी चहा करायला उठले.

त्याच निईगातात २३ ऑक्टोबर २००४ रोजी मोठा भूकंप झाला. डोंगर खचले, रस्ते तुटले, तळी फुटली. यामाकोशीच्या सगळ्या गावकऱ्यांना हेलिकॉप्टरने हलवावे लागले. त्यांत वृद्ध पुष्कळ. पुढे त्यांचे वाचलेले मासेही हेलिकॉप्टरने खाली आणले गेले. अनेक जण काही वर्षांनी परत वर गेले आणि त्यांनी पुन्हा तळी खणली. हे मी त्यांना दुसऱ्या दिवशी वाचून दाखवले. ते म्हणाले, “मासे कशात भरून नेले असतील? पाण्याचं वजन किती होतं माहीत आहे?” आणि सकाळभर हिशेब करीत बसले.

तीन क्रमांकाचा मासा पूर्ण पांढरा झाल्यावर एका नातेवाइकांनी सुचवले की बिनरंगाचा मासा कशाला पोसायचा, कृष्णेत सोडून द्या. परक्या देशीचा मासा नदीत सोडू नये, तेथल्या माशांच्या पोटावर पाय येतो, हे कारण मी दिले. यजमानांचा आवाज आता फार बारीक झाला आहे, म्हणून पाहुण्यांना ऐकू गेले नाही, ते म्हणाले, “त्यानं खाणं सोडलेलं नाही अजून.”

थंड पाण्यात काळा अधिक भरतो, असा कोई पाळणाऱ्यांचा अनुभव आहे. बोअरच्या जड पाण्यातही तो पक्का होतो असे म्हणतात. आमच्याकडे दोन्ही आहे. वहीत पाहिले तर प्रत्येक हिवाळ्यात सहा क्रमांकाची निळी पेन्सिल थोडी मागे सरते आणि काळी पुढे येते. उन्हाळ्यात एखादा खवला पुन्हा निळा होतो. त्याच वहीत दुसराही एक बदल दिसतो. २०२१ ची अक्षरे ठसठशीत आहेत. पुढे ती ओळीगणिक लहान होत जातात. कंपवातात अक्षर असे आकसते. गेल्या वर्षीच्या दिवाळीनंतरची पाने भिंग लावून वाचावी लागतात. या वर्षाच्या पावसाळ्यापासून डाग मी भरते आणि ते सांगतात. पूर्वी मी सांगायचे आणि ते भरायचे.

मला त्यांच्याइतके नेटके जमत नाही. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी त्यांनी मला एक आकृती दोनदा खोडायला लावली, कारण मी डाग अर्धा खवला उजवीकडे ओढला होता. शेवटी मान्य झालेली नोंद अशी आहे: सहा नंबर. नाकावरचा काळा पूर्ण. डाव्या खांद्यावर अजून दोन खवले वर आले, तिसरा निळाच. पाणी १९ अंश.